तीनपर्यंत

टीव्हीवाल्या पोरीनं विचारलं,
ओरिन स्टॅम्परचे सगळ्यात मोठे क्षण कोणते?
तिच्या यादीत होता पिंजऱ्यावरून मारलेला सूर,
आणि नॉक्सव्हिलची ती रात्र,
कपाळ फुटून पांढरी चड्डी लाल झाली ती.

म्हटलं, पोरी, तो सूर दुपारी तीनदा घोटून घेतला होता.
आणि कपाळ मीच कापलं,
मनगटाच्या पट्टीत लपवलेल्या पात्याच्या तुकड्यानं.
मी पंच होतो. सव्वीस वर्षं.
कुणी कितव्या मिनिटाला चीत व्हायचं
हे जेवणाआधीच माझ्या कानात पडलेलं असे.
माझं काम मोजायचं. तेही तीनपर्यंत.

लिही मग.

ॲशलँड, एकोणीसशे एकाहत्तर.
मालक लेस्टर गॉल्ट. त्याच्या जावयाकडून हरायचं होतं,
अकराव्या मिनिटाला, झुंजून, दोघांची इज्जत राखून.
ओरिन घंटेआधीच मधोमध आडवा झाला,
छातीवर हात, डोळे मिटून,
जणू नुकतीच आंघोळ घालून ठेवलाय.
जावई भोवती फिरतोय. बुटाच्या टोकानं डिवचतोय.
कुणीतरी खोकल्यासारखं हसलं,
मग छप्परच उडालं.
हुकूम पाळूनच हुकमाचं हसं केलं त्यानं.
गॉल्टनं त्याला खेचर म्हटलं, शिवी म्हणून,
आणि पुढल्या आठवड्यात
तीच शिवी बनियनवर छापून तीन डॉलरला विकली.

टायटस मॅब्रीचा जबडा मोडला तेव्हा
ऑफिसनं फुलं धाडली.
ओरिननं चॅम्पियनचा पट्टा गहाण टाकला,
हंटिंग्टनला, रेल्वेफाटकाजवळच्या दुकानात.
सोनं कसलं, पितळेवर मुलामा.
चाळीस डॉलर आले, तेही ओळखीवर.
सहा आठवडे तो रिंगमध्ये यायचा
गहाणाची चिठ्ठी डोक्यावर धरून,
आणि मी ती चिठ्ठी चारी बाजूंना फिरून दाखवायचो,
चेहऱ्यावरची माशी न हलू देता.
नियम म्हणजे नियम.

पण मला विचारशील, तर चार्ल्सटन.
त्या रात्री कॅमेरा नव्हता, म्हणून तुझ्या यादीत नाही.
गॉल्ट म्हणाला, गल्ला पडलाय,
नऊशेच तिकिटं खपली,
प्रत्येकी पंधरा डॉलर घ्या नि गप्प बसा.
ओरिननं माइक उचलला.
मंडळी, एक उपकार करा.
या कोपऱ्यापासून आपापला आकडा मोठ्यानं बोला.

पहिल्या रांगेत खाणीवरून थेट आलेले, कानामागं काळे.
एक. दोन. तीन.
सवयीनं माझा हात चटईवर आपटला.
पण ते थांबले नाहीत.
चार. पाच.
एका बाईनं पोटावर हात ठेवून
दोन आकडे घेतले.
एक तोतरा पोरगा चारशे बारावर अडकला,
अख्खा हॉल थांबला,
बापानंही सांगितलं नाही,
त्याचं त्यानंच म्हटलं.
आकडा बाल्कनीत चढला, जिन्यानं उतरला,
शेवटी दाराशी आला.
सतराशे त्रेसष्ट.

गॉल्ट सिगार शोधत होता, सिगार तोंडातच होती.

त्या रात्री कुस्ती झालीच नाही.
पैसे कुणी परत मागितले नाहीत.
ओरिनला काढलं, ते होणारच होतं. मलाही काढलं,
हसल्याबद्दल.

नंतर शाळांचे जिम, जुन्या गाड्यांचे बाजार,
अग्निशमन दलाच्या शेड.
शेवटच्या लढतीला साठेक माणसं.
ठरलेलं असं, की या वेळी ओरिन जिंकणार,
निरोपाचा मान म्हणून.
समोर केनी लाफर्टी, एकोणीस वर्षांचा,
बूट उसने.
ओरिन खाली गेला तो गेलाच,
खांदा उचलेचना.
दोनवर माझा हात हवेत राहिला.
मला वाटलं, काळीज बंद पडलं याचं.
वाकलो.
एक डोळा किलकिला करून म्हणाला,
पाठीला गार लागतंय, एल्डन.
मोज ना.